स्क्रिप्टशिवाय उघडणारा मेनू : गुहागरच्या आमच्या निवासाच्या वेबसाइटवर झालेल्या कामाचा अभिप्राय

गुहागर तालुक्यात किनाऱ्यालगत आमचा निवास व न्याहारीचा घरगुती व्यवसाय आहे आणि त्याला जोडून हंगामात हापूस आणि वर्षभर कोकम आगळ, आंबापोळी व फणसपोळी यांची विक्री चालते. या दोन्ही व्यवसायांसाठी वेबसाइट एकच आहे. तिच्या मेनूचे, म्हणजे वेगवेगळ्या पानांकडे नेणाऱ्या लिंकांच्या यादीचे, काम आम्ही चिपळूणमधील दोघांच्या एका लहान कार्यालयाकडून पावसाळ्यात नव्याने करून घेतले. त्यांना घातलेली अट एकच होती : पाहुण्याच्या फोनवर जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम, थोडक्यात ‘स्क्रिप्ट’) चालो वा न चालो, मेनू दिसला पाहिजे, उघडला पाहिजे आणि त्यातील प्रत्येक लिंकवर जाता आले पाहिजे. काम पूर्ण होऊन पर्यटनाचा आणि आंब्याचा एक संपूर्ण हंगाम उलटला आहे, त्यामुळे आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल. आधीची वेबसाइट करणाऱ्यांचे नाव मी देत नाही आणि आताच्या कार्यालयाचेही देत नाही, कारण हा अभिप्राय कामाच्या पद्धतीविषयी आहे. कोणाकडूनही असे काम करून घेताना नेमके काय मागावे, हे किनाऱ्यावरच्या इतर व्यावसायिकांना त्यातून कळावे अशी माझी इच्छा आहे.

आधी काय होते ते सांगणे आवश्यक आहे. जुन्या वेबसाइटवर वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघांचे चिन्ह होते आणि त्यावर बोट ठेवले की डावीकडून एक पट्टी सरकत येऊन तिच्यात सगळी पाने दिसत. रेंज चांगली असताना ते देखणे वाटे. पण ते चिन्ह एचटीएमएलमधले, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यातले, खरे बटण नव्हते. ती एक साधी चौकट होती आणि तिला दाबल्यावर काय व्हावे हे पूर्णपणे एका जावास्क्रिप्ट फाइलवर सोपवलेले होते. त्याहून गंभीर बाब अशी की मेनूतील लिंका पानाच्या मजकुरात नव्हत्याच. पान उघडल्यानंतर स्क्रिप्ट सर्व्हरकडून यादी मागवत असे आणि मग ती पानावर रचत असे. त्यामुळे पान आले, समुद्राचा फोटो आला, खोल्यांचे वर्णन आले, परंतु स्क्रिप्टची फाइल वाटेत अडली, तर पाहुण्यासमोर एक मुके चिन्ह उरत असे. ते कितीही वेळा दाबले तरी काही होत नसे, आणि वेबसाइटवर दुसरी पाने आहेत हे त्याला समजण्याचा कोणताही मार्ग नसे.

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला मेनूची सर्वाधिक गरज नेमकी कधी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोषाचे गांभीर्य कळते. घरी वायफायवर बसून खोली पसंत करणारा माणूस थोडा वेळ थांबू शकतो. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरत असलेला, किंवा चिपळूण स्थानकात उतरून गुहागरच्या एसटीची चौकशी करणारा, किंवा दापोलीकडून येऊन दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याच्या फेरीबोटीची वाट पाहणारा माणूस मात्र घाईत असतो. त्याला ‘कसे पोहोचाल’ हे पान हवे असते आणि आमचा फोन नंबर हवा असतो. घाटाच्या वळणावर, खाडीच्या काठावर आणि डोंगराच्या आडोशाला नेट कधी आहे तर कधी नाही, अशी स्थिती असते. पावसाळ्यात गेलेली वीज परत येणे लांबले की टॉवरही साथ सोडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकले त्यानंतर आणि मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेले त्यानंतर या पट्ट्यातील लोकांनी ते पुरेपूर अनुभवले आहे. ‘तुमची वेबसाइट बंद पडली आहे का?’ अशी विचारणा आमच्याकडे वारंवार येत असे, आणि आमच्या घरातील वायफायवर उघडून पाहावे तर ती व्यवस्थित चालू दिसत असे.

जावास्क्रिप्ट बंद ठेवणारे लोक आहेत तरी किती, असा प्रश्न आम्ही पहिल्याच भेटीत विचारला होता. उत्तरादाखल त्यांनी ब्रिटिश सरकारच्या डिजिटल विभागाने २०१३ मध्ये केलेल्या मोजणीचा दाखला दिला. त्या मोजणीत सरकारी संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांपैकी सुमारे १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टने मिळणाऱ्या सुविधा पोहोचल्या नव्हत्या. त्यांतील ०.२ टक्के लोकांच्या ब्राउझरमध्ये ती बंद होती किंवा त्याला ती चालवताच येत नव्हती. उरलेल्या ०.९ टक्के लोकांच्या ब्राउझरमध्ये ती चालू असूनही या ना त्या कारणाने पानावर चालली नव्हती. ज्यांनी स्वतःहून स्क्रिप्ट बंद केली त्यांच्यापेक्षा ज्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नाही त्यांची संख्या कित्येक पट मोठी होती, आणि माझ्या मते या विषयातील हीच मध्यवर्ती गोष्ट आहे. कारणे अनेक असतात. फाइल अर्धवट उतरते. जाहिराती अडवणारे एखादे साधन तिलाही अडवते. त्याच फाइलमध्ये मेनूच्या आधी आलेल्या दुसऱ्या एखाद्या कामात चूक होते आणि फाइलमधील पुढचा सगळा भाग चालतच नाही. ऑपेरा मिनीसारखे डेटा वाचवणारे ब्राउझर पान आपल्या सर्व्हरवर तयार करून पाठवतात, तेव्हा तिथे स्क्रिप्टला फार थोडी मुभा मिळते. ओळख लपवून वेबसाइट पाहण्यासाठीच्या टॉर ब्राउझरमध्ये सुरक्षिततेची सर्वोच्च पातळी निवडली की जावास्क्रिप्ट सर्वच वेबसाइटवर बंद होते. हे सर्व पाहुणे निरनिराळे आहेत, पण आमच्या जुन्या मेनूने त्या सर्वांना सारखेच परत पाठवले असते.

काही परिचितांनी वेगळे मत मांडले. ट्विटरने डिसेंबर २०२० मध्ये स्क्रिप्टशिवाय चालणारी आपली जुनी वेबसाइट बंद केली आणि गुगलने २०२५ च्या जानेवारीत शोधासाठी जावास्क्रिप्ट आवश्यक केली, मग खोल्या भाड्याने देणाऱ्यांनी एवढा विचार का करावा, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटत नाही. त्या कंपन्यांकडे लोक कसेही करून परत येतात; आमच्याकडे न पोहोचलेला पाहुणा शेजारच्या निवासात उतरतो आणि तो आला होता हे आम्हाला कधी कळतही नाही.

चिपळूणच्या या कार्यालयाने कामाला हात घातला तो संगणकापासून दूर. मेनूत काय असावे याची यादी त्यांनी आमच्याकडून कागदावर मागितली आणि मग फोनवर पाहुणे काय विचारतात ते आठवून तिचा क्रम बदलायला लावला. जुन्या मेनूत ‘आमच्याविषयी’, ‘आमचे ध्येय’, ‘छायाचित्र दालन’, ‘अभिप्राय’ अशी बरीच दालने होती आणि ‘कसे पोहोचाल’ तळाशी होते. चर्चेअंती पाच मुख्य लिंका राहिल्या : खोल्या, जेवण, आंबा व कोकम, आसपासची ठिकाणे, कसे पोहोचाल. त्यांपैकी दोघींनाच पोटयादी ठेवली. आसपासच्या ठिकाणांत वेळणेश्वर, हेदवी, अंजनवेलचा गोपाळगड, गुहागरमधील व्याडेश्वर व दुर्गादेवी ही देवस्थाने आणि दाभोळ-धोपावे फेरीबोट आली. आंबा व कोकमच्या पोटात हापूसची पेटी, आगळ, आंबापोळी आणि फणसपोळी. ‘काका, पाचच शब्द असतील तर ते लपवायचे कशाला?’ असा प्रश्न त्या कार्यालयातील ताईंनी विचारला आणि तीन रेघांचे चिन्ह तिथेच निकालात निघाले. फोनच्या पडद्यावर ते पाच शब्द दोन ओळींत सहज मावतात. पाहुण्याला काही उघडावे लागत नाही आणि काही शोधावेही लागत नाही. लपवलेला मेनू उघडण्यासाठी युक्त्या शोधण्यापूर्वी तो लपवण्याची गरज आहे का, हे विचारणारा व्यावसायिक आम्हाला प्रथमच भेटला, आणि या सेवेला मी सर्वाधिक गुण त्यासाठीच देतो.

पोटयादीचा प्रश्न मात्र उरला होता. ती सतत उघडी ठेवली तर फोनचा अर्धा पडदा व्यापते. स्क्रिप्टशिवाय ती उघडण्या-मिटण्याच्या चार पद्धती त्यांनी आमच्याच पानावर तयार करून दाखवल्या आणि त्या आमच्या फोनवर वापरून पाहायला लावल्या, हे मला फार आवडले.

पहिली पद्धत सर्वांत जुनी : माउसचा बाण शब्दावर नेला की खाली यादी उघडते आणि ते काम सीएसएस, म्हणजे पानाचे रूप ठरवणारी भाषा, करते. २००३ च्या सुमारास ही पद्धत जगभर गाजली होती, तरी त्या काळच्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये ही सोय फक्त लिंकवर चालत असल्याने त्याच्यासाठी थोडी स्क्रिप्ट जोडावीच लागे. आजची अडचण निराळी आहे. फोनवर बाणच नसतो. काही फोनवर पहिल्या स्पर्शाला यादी उघडते आणि दुसऱ्या स्पर्शाला लिंकवर जाता येते, तर काहींवर पहिल्याच स्पर्शाला पान बदलते आणि पोटयादी कधी दिसतच नाही. शिवाय हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा बाण जरासा बाजूला सरकला की यादी मिटते. आमचे बहुतेक पाहुणे फोनवरूनच वेबसाइट पाहतात, त्यामुळे ही पद्धत लगेच बाद झाली.

दुसऱ्या पद्धतीत पानावर एक चेकबॉक्स ठेवतात, त्याचे लेबल म्हणजे मेनूचे बटण असते आणि चेकबॉक्समध्ये खूण झाली की सीएसएस यादी दाखवते. पाहायला ती निर्दोष वाटते आणि अनेक तयार वेबसाइटांमध्ये ती आजही आढळते. दोष आतला आहे. चेकबॉक्स दिसू नये म्हणून तो सीएसएसने पूर्णपणे काढून टाकला तर कीबोर्डच्या टॅबने तिथे पोहोचता येत नाही, आणि लेबल तर मुळातच टॅबच्या वाटेवर नसते. तो डोळ्यांआड पण टॅबच्या वाटेवर ठेवला, तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचे वाचून ऐकवणारे साधन) वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तिथे एक चेकबॉक्स आहे आणि त्यात खूण नाही, एवढेच ऐकू येते. इथे यादी उघडते असे कोणी सांगत नाही. फॉर्म भरण्यासाठीची वस्तू मेनूसाठी वापरली की ज्याला पडदा दिसतो त्याचेच काम होते. त्यांनी डोळे मिटून ऐकायला सांगितले तेव्हा हे मला समजले, आणि ही पद्धत देखणी असूनही नाकारण्याचा त्यांचा आग्रह योग्य होता असे मी आज म्हणतो.

तिसऱ्या पद्धतीत मेनूचे बटण ही त्याच पानावरील यादीकडे नेणारी लिंक असते आणि पत्त्याच्या शेवटी यादीचे नाव लागले की सीएसएस ती प्रकट करते. ती बऱ्याच जुन्या ब्राउझरमध्ये आणि कीबोर्डवरही चालते. त्रास एवढाच की प्रत्येक वेळी यादी उघडली की ब्राउझरच्या इतिहासात एका पायरीची भर पडते आणि मागे जाण्यासाठी पाहुण्याला दोन-तीनदा मागचे बटण दाबावे लागते. याच पद्धतीचे साधे रूप मात्र त्यांनी राखून ठेवले : संपूर्ण मेनूची एक सरळ, कायम उघडी यादी प्रत्येक पानाच्या तळाशी असते आणि वर ‘सर्व पाने’ अशी लिंक तिच्याकडे नेते. काहीच चालले नाही तरी ती यादी असते.

चौथी पद्धत आम्ही स्वीकारली. एचटीएमएलमध्ये डिटेल्स नावाचा घटक आहे. त्याच्या आत समरी हा दिसणारा मथळा असतो आणि मथळ्यावर बोट ठेवले की उरलेला मजकूर उघडतो किंवा मिटतो. हे काम ब्राउझर स्वतः करतो, त्यासाठी स्क्रिप्टची एक ओळही लागत नाही. क्रोममध्ये तो २०११ पासून आहे, सफारीत २०१२ पासून, फायरफॉक्समध्ये २०१६ पासून, आणि मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये तो जानेवारी २०२० मध्ये आला. टॅबने मथळ्यावर पोहोचता येते, एंटर किंवा स्पेस दाबून तो उघडतो, आणि यादी उघडी आहे की मिटलेली हे स्क्रीन रीडरला आपोआप कळते. ज्या ब्राउझरला हा घटक माहीतच नाही तिथे सगळी यादी उघडी दिसते. म्हणजे तो बिघडला तरी पाहुण्याच्या बाजूने बिघडतो. एक यादी उघडली की दुसरी मिटावी यासाठी दोन्ही डिटेल्सना एकच नाव देण्याची सोय २०२३ च्या अखेरीस क्रोम व सफारीत आणि २०२४ मध्ये फायरफॉक्समध्ये आली. ती नसलेल्या फोनवर दोन्ही याद्या एकाच वेळी उघड्या राहतात आणि त्याने कोणाचे अडत नाही. याशिवाय ‘आसपासची ठिकाणे’ या नावाचे स्वतंत्र पान आहे आणि पोटयादीतली पहिली लिंक त्याच पानाची आहे.

अलीकडची पॉपओव्हर ही सोयही मी विचारली होती, कारण तिच्यात यादी बाहेर कुठेही स्पर्श केला की मिटते आणि एस्केपनेही मिटते, तीही स्क्रिप्टशिवाय. ती क्रोम आणि सफारीत २०२३ मध्ये आणि फायरफॉक्समध्ये २०२४ मध्ये आली. आमच्याकडे येणारे बरेच पाहुणे त्याहून जुने फोन वापरतात, त्यामुळे काही वर्षे थांबण्याचा त्यांचा सल्ला आम्ही मानला.

कामातील सर्वांत बारीक, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा, भाग पुढे आला. आधीच्या पुरवठादाराकडे तक्रार केली होती तेव्हा त्याने ‘नोस्क्रिप्ट’ हा घटक घालून त्यात मेनूच्या लिंका लिहून दिल्या होत्या आणि प्रश्न मिटला असे कळवले होते. मिटला नव्हता. हा घटक १९९७ च्या एचटीएमएल ४ पासून आहे, पण ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट बंद असेल किंवा त्याला ती येतच नसेल तेव्हाच त्यातला मजकूर दिसतो. घाटात अडकलेल्या पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये ती चालू असते, फक्त फाइल आलेली नसते; म्हणून नोस्क्रिप्टमधल्या लिंका त्याला कधीच दिसत नाहीत. सीएसएसमध्ये २०२३ पासून स्क्रिप्ट चालू आहे की बंद हे विचारण्याची सोय झाली आहे, पण तिलाही हीच मर्यादा आहे. पानाच्या सुरुवातीला एका ओळीची स्क्रिप्ट घालून ‘स्क्रिप्ट नाही’ ही खूण पुसण्याची प्रचलित रीतही इथे फसते, कारण ती एक ओळ पानासोबत येऊन चालते, त्याच क्षणी सीएसएस मेनू लपवते, आणि तो पुन्हा उघडणारी मोठी फाइल मात्र येतच नाही. वीज असेल तेव्हाच उघडणारे शटर बसवून किल्लीचे कुलूप काढून टाकावे, असा तो प्रकार होतो.

त्यांचा नियम सरळ होता. मेनू मुळात उघडा आणि चालता असतो. त्याच्यात काही बदल करायचा असेल तर तो बदल तीच फाइल करते जी पुढचे कामही करणार आहे, आणि सगळी जुळणी झाल्यावर अगदी शेवटी करते. फाइल आली नाही तर पानावर काहीच बदलत नाही. आमच्या वेबसाइटवर ती फाइल केवळ दोन गोष्टी करते : एस्केप दाबल्यावर उघडी पोटयादी मिटवते आणि बाहेर स्पर्श केल्यावर मिटवते. या दोन्ही सोयी चांगल्या आहेत आणि त्यांच्यावाचून कोणाचेही काम थांबत नाही.

काम सोपवण्याच्या दिवशी झालेली तपासणी मी इतरांना मुद्दाम सांगतो, कारण ती कोणालाही करता येते. अँड्रॉइड फोनवर क्रोममध्ये उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग जावास्क्रिप्ट असे जाऊन ती बंद केली आणि वेबसाइट नव्याने उघडली. पडवीत बसून माझ्या आईने फोन हातात घेतला, ‘आसपासची ठिकाणे’ला बोट लावले, यादी उघडली आणि ती हेदवीच्या पानावर गेली. त्यानंतर जावास्क्रिप्ट पुन्हा चालू करून, संगणकावर फक्त मेनूची ती एक फाइल अडवून, हीच तपासणी पुन्हा केली. ही दुसरी तपासणी फार जण विसरतात आणि खरी परीक्षा तिच्यातच होते. नंतर माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटरने सर्व पाने फिरून पाहिली, टॉकबॅक हा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर सुरू करून मथळे ऐकले, आणि लिंकांमधले अंतर मोजले. वेबच्या सुलभतेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पर्शाच्या जागेसाठी किमान २४ पिक्सेल लांबी-रुंदी सांगितली आहे. त्यांनी ४४ ठेवली, कारण आंबा पेटीत भरताना ओल्या-चिकट हातांनी फोन हाताळणारे आम्हीही त्या वेबसाइटचे वापरकर्ते आहोत.

आता उणिवा. पोटयादी उघडली की तिच्याखालचा सगळा मजकूर खाली ढकलला जातो. मजकुरावर तरंगणारी यादी आम्हाला अधिक आवडली असती, पण त्यासाठी लागणारी मांडणी त्यांनी अरुंद पडद्यावर टाळली आणि तिचे कारण पुरेसे समजावून दिले नाही. मथळ्याशेजारचा त्रिकोण जुन्या आयफोनवर दुहेरी दिसत होता, कारण सफारीत तो घालवण्याची आज्ञा वेगळी असते. ते आम्ही दाखवल्यावर दुरुस्त झाले, आधी लक्षात यायला हवे होते. देवनागरी फॉन्टची फाइल उशिरा आली की पाच शब्दांची रुंदी बदलते आणि पहिल्या ओळीतला शब्द क्षणभर दुसऱ्या ओळीत उडी मारतो. ही उडी अजून गेलेली नाही. हस्तांतराची टिपणे इंग्रजीत मिळाली. मराठीत वेबसाइट चालवणाऱ्या ग्राहकाला ती मराठीत मिळायला हवीत, आणि त्यांनी तसे मान्य करूनही अद्याप दिलेली नाहीत. गणेशोत्सवात काम थांबले, ते तर इथे सर्वांचेच थांबते, पण त्यानंतर पुन्हा सुरू व्हायला अपेक्षेपेक्षा बराच वेळ गेला.

खोल्यांच्या आरक्षणाचे कॅलेंडर हा वेगळा विषय आहे. ते बाहेरच्या एका सेवेचे आहे आणि स्क्रिप्टशिवाय तिथे रिकामी चौकट दिसते. ते बदलणे या कामाच्या करारात नव्हते. तरीही त्यांनी त्या चौकटीच्या वर आमचा दूरध्वनी क्रमांक थेट फोन लागेल अशा लिंकने घातला आणि खाली नाव, तारीख व माणसांची संख्या विचारणारा एक साधा फॉर्म ठेवला, जो कोणत्याही स्क्रिप्टशिवाय सर्व्हरकडे जातो. आंब्याच्या दिवसांत चौकशीचा भर त्या साध्या फॉर्मनेच वाहिला, हे नमूद करावेसे वाटते.

देखभाल किती सोपी झाली याचे उदाहरण म्हणून एक प्रसंग पुरेसा आहे. कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली तेव्हापासून पाहुणे त्यांच्याविषयी अधिक विचारू लागले आहेत, म्हणून रत्नागिरीजवळच्या उक्षी येथील शिल्पांची माहिती देणारे पान आम्ही अलीकडे जोडले. जुन्या वेबसाइटवर मेनूत एक नाव वाढवायचे तर पुरवठादाराला पैसे देऊन वाट पाहावी लागे. या वेळी माझ्या पुतणीने यादीतली हेदवीची ओळ उतरवून घेतली, पत्ता आणि नाव बदलले, आणि वरच्या पोटयादीत व तळाच्या यादीत ती ओळ घातली. दोन ठिकाणी घालावी लागते हे थोडे गैरसोयीचे आहे. पण ती काय करते आहे हे तिला वाचून कळत होते.

मेनू उघडत नाही अशी तक्रार या हंगामात आमच्याकडे आलेली नाही. लोक आता फोन करतात ते फेरीबोट किती वाजता सुटते, उन्हाळ्यात शेवटची फेरी मिळेल का, हे विचारायला. म्हणजे ते पान वाचून झालेले असते. खर्चाविषयी एवढे सांगतो की मुंबईच्या एका कार्यालयाने सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्चात हे काम झाले आणि मेनूसाठी दरवर्षी भरावे लागेल असे काही मागे राहिले नाही.

मालवण, देवबाग, तारकर्ली, गणपतीपुळे, मुरुड, हर्णै, वेळास इथपर्यंत घरगुती निवास चालवणाऱ्यांना मी अशा प्रकारचे काम करून घेण्याची शिफारस निःसंकोच करतो, विशेषतः ज्यांचे पाहुणे वाटेतून फोनवर रस्ता शोधतात त्यांना. वेळासला कासव महोत्सवाच्या दिवसांत येणारी गर्दी मंडणगड सोडल्यावर कशा रेंजमध्ये प्रवास करते हे तिथल्या मंडळींना मी सांगायला नको. ज्यांची वेबसाइट एखाद्या तयार साधनावर बांधलेली आहे आणि जिथे पानाच्या एचटीएमएलला हात लावता येत नाही, त्यांना मात्र हे संपूर्ण काम करून घेता येणार नाही. त्यांनी निदान तळाशी सर्व पानांच्या लिंका साध्या मजकुरात घालून घ्याव्यात, आणि काम कोणालाही देताना करारात एक वाक्य लिहून घ्यावे : जावास्क्रिप्ट बंद करून आणि मग मेनूची फाइल अडवून, अशा दोन्ही प्रकारे मेनू ग्राहकाच्या स्वतःच्या फोनवर किंवा संगणकावर चालवून दाखवल्यानंतरच शेवटचा हप्ता देय होईल.